चावी माझ्या हातात आणि रेडिओ चालू

परत आल्यापासून चिपळुणात जो तो विचारतो, "मंदा, तेलंगणात काय काय बघितलंस?" कुंटाळ्याचा धबधबा बघितलास का, देवळं बघितलीस का, हैदराबादला जाऊन आलीस का. मी म्हणते, नाही. मग समोरच्याचा चेहरा पडतो. एवढ्या लांब जाऊन ही बाई नुसती गाडी हाकून परत आली, असं त्यांना वाटतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

निघालो होतो आम्ही दोघीच, मी आणि माई. माईंचा पापड-कोकमाचा व्यवसाय आहे आणि त्यांची जुनी, डिझेलची, सात जणांची गाडी मी चालवते. माझी शाळा सहावीतच सुटली. लोकांकडे भांडी घासत होते, तेव्हा माईंनी मला गाडी शिकायला घातलं, लायसन काढून दिलं. त्यांचं माहेर आदिलाबाद जिल्ह्यातलं, नेरडीगोंड्याचं. त्यांचे धाकटे भाऊ, नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तिथं एकटेच राहतात. भावाकडे थोडे दिवस राहायचं, धबधबा बघायचा आणि परतायचं, एवढाच बेत होता.

घाटात

नांदेडच्या पुढे जमीन काळी होत जाते. आमच्याकडे दर वळणावर झाड, नाहीतर डोंगर, नाहीतर कुणाचा तरी रचीव दगडांचा गडगा आडवा येतो. इथं नजर सोडली की ती जातच राहते, कापसावरून, तुरीवरून, थेट आभाळाला टेकेपर्यंत. मला उगाच भीती वाटत होती. एवढ्या मोकळ्यात माणूस हरवला तर हाक कुणाला मारणार?

मुधोळच्या बाजूला एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला मराठीच. चिपळुणात इतकं स्वच्छ बोलणाऱ्या माई गाडीतून उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, "काऊन बा, साखर हात राखून टाकून राह्यला?"

मी बघतच राहिले. तो हसला. "माहेरवाशीण दिसता बाई. घ्या, अजून टाकतो."

निर्मलनंतर मात्र माझं अवघड झालं. पाट्या तेलुगूत, नाहीतर इंग्रजीत. मराठी पाटीसुद्धा मी अक्षर लावून लावून वाचते, तोवर ती मागे जाते. त्यामुळे सगळी भिस्त फोनवर. तो समोरच्या काचेला रबरी पकडीत लावलेला असायचा आणि वळणं बोलून सांगायचा. निर्मलच्या पुढच्या घाटात उतारावर पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला. मीही मारला. पकड सुटली, फोन उडाला आणि खाली घसरत बरोबर ब्रेकच्या पायपट्टीखाली गेला.

पाय अर्ध्यावर अडकला. दाबते आहे आणि खाली जात नाही. ट्रकची मागची फळी मोठी होत होत आली. मी हँडब्रेक ओढला, गाडी शेपटीसारखी हलली आणि थांबली. ट्रकवरचं लिंबू-मिरची आमच्या बॉनेटच्या नाकावर लोंबत होतं.

माईंनी खाली पडलेली रबरी पकड उचलून डॅशबोर्डच्या खणात टाकली. मग म्हणाल्या, "फोन इथं पुन्हा लावायचा नाही, मंदा. लावलास तर मी बसनं जाईन."

फोनची काच तडकली होती, पण तो जिवंत होता. आम्हीही.

नाना

नाना दारातच उभे होते. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं बरीच वर्षं आधी गेलेला. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "एक डोळा दोघांचं काम करते, पगार मात्र एकाचाच घेते. असा नोकर भेटणार नाई." माईंना ते अक्का म्हणतात. रात्री त्यांनी स्वतः थापलेली ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे जेवणाची सांगता भातानं होते, त्यांच्याकडे भात आलाच नाही, म्हणून मी ताटात बघत बसले. ते त्यांनी ओळखलं आणि उठून माझ्यापुरता भात लावला. मी आणलेली आमसुलं त्यांनी वास घेऊन बाजूला ठेवली. "हे काय व्हय? जांभूळ मेलं की काय?"

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "अक्का, दाराचा पडदा कोन ओढला?"

माईंनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं. त्या दाराला पडदाच नव्हता.

आदिलाबाद

डोळ्यांचे डॉक्टर तिथलेच मराठी, तीन पिढ्या आदिलाबादेत राहिलेले. थेंब टाकून त्यांनी नानांचा डोळा खूप वेळ बघितला आणि खुर्ची मागे सरकवली.

"नाना, डोळ्याच्या आतला पडदा सुटून राह्यला. कडेनं सुटला. मधला भाग अजून जागेवर हाय. थो सुटायच्या आत ऑपरेशन झालं पाह्यजे, नाईतर मंग मी काई सांगू शकत नाई."

त्यांनी तिथूनच नागपूरला फोन लावला. ऑपरेशन करणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारीच मिळणार होते. तोवर नानांनी डोकं किंचित उजवीकडे कलतं ठेवून पडायचं. गाडीत धक्का बसू द्यायचा नाही. आणि नागपूरच्या दवाखान्यातून वाटेत फोन येईल, तो उचलायचाच, कारण वेळ मागेपुढे झाली आणि आम्ही सापडलो नाही तर नंबर पुढच्याला जाईल.

बाहेर आल्यावर मी माईंना म्हटलं, "इथला एखादा माहीतगार ड्रायव्हर घेऊ या. मला नागपूर माहीत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. माझ्या हातून काही झालं तर?"

माई म्हणाल्या, "लाटलेला पापड तू पोळपाटावरून अलगद उतरवतेस तशी गाडी चालवतेस. दुसऱ्याच्या गाडीत मी नानाला घालणार नाही."

एवढा विश्वास कुणी ठेवला की अंग हलकं होतं म्हणतात. माझं उलट झालं. माई दोन्ही हातांनी नानांचं डोकं धरून मागे बसणार, म्हणजे फोन बघायला कुणी नाही. फोनचा बारीक आवाज माईंना ऐकूही येत नाही. आणि समोर लावायचा नाही. मी हे बोलून दाखवलं, ते डॉक्टरांच्या कंपाउंडरनं ऐकलं. त्यानं सांगितलं, कापसाच्या बाजाराकडे गजाननभाऊ आहेत, ट्रॅक्टरला आणि जीपला रेडिओ बसवतात. जुन्या टेपच्या मागे ते एक डबी जोडून देतात, मग फोन गाडीच्या स्पीकरमधून बोलतो. नाना दवाखान्यातच पडून होते, माई त्यांच्याजवळ. मी गाडी घेऊन गेले.

गजाननभाऊंच्या दुकानासमोर लाल-निळे ट्रॅक्टर, प्रत्येकावर माणसाच्या छातीएवढे भोंगे. ते स्वतः बुटके, कानावर स्क्रू ड्रायव्हर खोचलेला.

"कुठच्या व्हय ताई तुमी?"

"चिपळूणची."

"थे कुठी आलं?"

"कोकणात. समुद्राजवळ."

"अन् मासोळ्या आनल्या नाई? मंग कायच्या कोकणातल्या!" असं म्हणून त्यांनी समोरच्या गाड्यावरून मिरचीभजी मागवली. आमच्याकडे गिऱ्हाईक कारागिराला चहा पाजतं. इथं खाल्ल्याशिवाय त्यांनी पान्याला हात लावला नाही. मला दवाखान्यात परतायची घाई होती, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

गाडीत डोकावून ते म्हणाले, "हा डब्बा कायले ठेवता? काढून फेका. मोठा स्क्रीन लावून देतो. पिक्चर पाहा, गाने पाहा."

"पिक्चर नको हो. गाडी माझी नाही. मालकिणीच्या गाडीचं काही कापायचं नाही, तोडायचं नाही. फोन बोलला पाहिजे, बस. उद्या पेशंट न्यायचा आहे."

'पेशंट' म्हटल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढला. पत्र्याच्या दोन चपट्या काड्या स्टेरिओच्या कडांत सारून तो अख्खा बाहेर ओढला. मागे वायरींचा झुबका. आमच्या मसाल्याच्या पाकिटाएवढी काळी डबी त्यांनी मागच्या रिकाम्या खाचेत जोडली, बारीक माईक काचेच्या कडेनं वर नेला आणि स्टिअरिंगजवळ एक बटण चिकटवलं. एकदा दाबलं की आलेला फोन उचलतो, दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो. मग स्टेरिओ परत जागेवर. कुठं ओरखडासुद्धा नाही.

"लावा मले फोन."

मी लावला. ते दुकानात आत गेले आणि गाडीच्या चारी दारांतून त्यांचा आवाज आला, "हॅलो, कोकणवाल्या ताई! माहा आवाज किती गोड हाय, कळलं का आता?"

मी हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. आणि मग माझं लक्ष हाताकडे गेलं. गाडीची चावी माझ्या मुठीत होती.

"भाऊ, चावी तर माझ्याकडे आहे. मग हा चालू कसा?"

"हाव! इथं असंच पाह्यजे. कापूस येचाईले गेले की ट्रॅक्टर बंद करतात, पन गानं बंद नाई चालत. म्हनून आमी करंट थेट बॅटरीवरून घेतो. उतरल्यावर तुमी आवाज कमी करा, झालं."

मला ते खटकलं. का खटकलं ते सांगता येत नव्हतं. एवढं चांगलं काम करून दिलेल्या माणसाला आपण काय शिकवायचं, असं वाटून मी आभार मानले, आवाज शून्यावर नेला आणि निघाले.

नेरडीगोंडा, उजाडताना

नानांचे कागद आणि साखरेची औषधं घरीच असल्यानं रात्री परत नेरडीगोंड्याला आलो होतो. पहाटे माईंनी नानांना तयार केलं. उपाशीपोटी जायचं होतं, त्यामुळे घरात चहाचाही वास नव्हता. मी गाडी सुरू करायला गेले.

टक.

पुन्हा फिरवली. टक. दिवेसुद्धा लागले नाहीत. फक्त त्या स्टेरिओचा हिरवा आकडा मिणमिणत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तोही विझला.

रात्रभर तो जागाच होता. आवाज कमी केला म्हणून मला वाटलं झोपला.

मी आत जाऊन रडत रडत सांगितलं. माई दाराला धरून उभ्या राहिल्या. नाना खाटेवर कलते पडून होते, तिथून म्हणाले, "रडू नको. पोशन्नाले हाक मार. त्याचा ट्रॅक्टर अजून शेतात गेला नसंल."

पोशन्ना शेजारचे शेतकरी. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी हिंदी. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं. "अय्यो अम्मा, बैटरी पूरा बैठ गया."

अंगण खोलगट, रस्ता वर. ढकलून काही होणार नव्हतं. पोशन्ना ट्रॅक्टर उलटा घेत घेत आमच्या नाकाला नाक लावून उभे राहिले. जाड वायरी आणल्या, एक टोक इकडे, एक तिकडे. नाना खाटेवरून सूचना देत होते, "लाल लालले लाव रे पोशन्ना, नाईतर दोन्ही गाड्या उरावर येतीन!" पोशन्नांनी तेलुगूत काहीतरी सुनावलं. माई इतक्या ताणातही हसल्या. "तो म्हणतो, एक डोळ्याचा साहेब, गप पड."

ट्रॅक्टर धडधडला. मी चावी फिरवली. गाडी कण्हली, थांबली, परत कण्हली आणि लागली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"अम्मा," पोशन्ना खिडकीशी येऊन म्हणाले, "कहीं भी बंद मत करना."

परत आदिलाबाद

मागच्या सीटवर नाना आडवे, डोकं माईंच्या मांडीवरच्या उशीवर किंचित कलतं. त्यांनी वर बघितलं की माईंचा चेहरा दिसे. पडदा किती सरकला ते मोजायला त्यांनी तोच चेहरा धरला होता.

"अक्का, तुहा एक कान गेला."

"बरं झालं. तुहं बोलनं कमी ऐकू येईल," माई म्हणाल्या. पण आरशात मला त्यांचे हात दिसत होते. नानांचं डोकं त्यांनी आणखी घट्ट धरलं होतं.

मी खड्डा दिसला की आधीच श्वास धरायची. फोन चार स्पीकरांतून सांगत होता, सरळ जा, सरळ जा. आवाज अगदी स्वच्छ. त्याच डबीनं हा घोळ केला आणि तीच वाट दाखवते आहे. तिच्यावर चिडावं की तिला नमस्कार करावा, कळेना.

आदिलाबाद आलं तेव्हा डिझेलचा काटा तळाला होता. आदल्या दिवशीच्या धावपळीत भरायचं राहिलं होतं. गाडी पंपावर घेतली तर तिथला माणूस हात हलवत पुढे आला. "इंजन बंद."

मी हात जोडले. आजारी माणूस आहे, बंद केली तर परत लागणार नाही. तो म्हणाला, चालू गाडीत तेल घालणार नाही, नोकरी जाईल. त्याचंही बरोबरच. मागून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बंद केली आणि लागली नाही तर नानांना हलवून दुसऱ्या गाडीत घालायचं. पुढे गेलो आणि डिझेल संपलं तर रानात अडकायचं.

"अक्का," मागून नाना हळू म्हणाले, "आता तुह्या चष्म्याची एक काच गेली."

"नाक?"

"नाक हाय."

मी गाडी पंपाच्या बाहेर कडेला घेतली आणि स्टिअरिंगजवळचं बटण दोनदा दाबलं. शेवटचा नंबर गजाननभाऊंचाच होता.

"हॅलो," झोपेतला आवाज चारी दारांतून आला.

मी सांगू लागले. मला वाटलं होतं ते नाकारतील. ते मध्येच थांबवून म्हणाले, "करंट थेट दिला ना मी. ट्रॅक्टरची बॅटरी केवढी, अन् तुमची केवढी! माहीच चूक, ताई. कुठी उभ्या हाय? गाडी चालूच ठेवा."

ते आले मोटारसायकलवर, बनियनवर, पायाशी एक बॅटरी बांधून. नमस्कार नाही, काही नाही. दार उघडून माझ्या पायांशी उकिडवे बसले आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं. मी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. इंजिन चालू, दार उघडं, खाली एक माणूस, मागे एक माणूस.

"कोन व्हय थो?" नानांनी विचारलं.

"रेडिओवाले भाऊ."

"त्याले म्हना, गानं लाव एखादं."

खालून आवाज आला, "लावतो काका, आधी तुमचा रेडिओ झोपवतो." एक वायर त्यांनी उपटली, दुसरीकडे जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. "आता चावीसंग चालू, चावीसंग बंद. फिरवा ताई, बंद करा."

माझा हात चावीवर होता आणि तो फिरेना.

"लागली नाही तर?"

"मंग ही बॅटरी टाकतो. तुमाले नागपूरले धाडल्याशिवाय मी घरी जात नाई. करा बंद."

मी बंद केली. अशी शांतता झाली की माईंच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. स्टेरिओचा आकडा विझला, विझायलाच हवा होता. मी मनात गावदेवीला हाक मारली आणि चावी फिरवली. गाडी कुरकुरली. आणि लागली.

तरीही पंपावर डिझेल भरून होईपर्यंत ते बॅटरी हातात घेऊन शेजारी उभे राहिले. मी काही बोलायला गेले, तर त्यांनी फक्त हात पुढे केला. पुढे, उत्तरेकडे.

नागपूर

पैनगंगा ओलांडली तेव्हा नाना झोपल्यासारखे गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटत होती. मध्ये मध्ये माई विचारायच्या, "नाक?" आणि थोड्या वेळानं उत्तर यायचं, "हाय."

वर्धा नदीच्या पुढे गाडीत रिंग वाजली. मी बटण दाबलं. दवाखान्यातली बाई बोलत होती. डॉक्टर लवकर आले आहेत, तुम्ही कुठवर आलात, मागच्या फाटकानं या, स्ट्रेचर तिथं ठेवतो. माईंना शब्दन् शब्द ऐकू आला. "येतो, येतो," त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की नाना म्हणाले, "अक्का, फोनवर हाय थे, नदीपार नाई."

शहरात शिरल्यावर फोन डावं-उजवं सांगत गेला आणि मी त्याचं ऐकत गेले. एकदाही खाली बघितलं नाही. मागच्या फाटकाशी स्ट्रेचर खरंच होतं. नानांना घेताना माईंनी शेवटचं विचारलं.

"हाय," ते म्हणाले. "पन काठावर."

दार लागलं. आत काय चाललंय ते कळत नाही तोवर माणूस कशावरही नजर ठेवतो. मी समोरच्या फरशीच्या फटी बघत बसले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. पडदा परत जागेवर बसवलाय, डोळ्याभोवती बारीक पट्टा घातलाय, म्हणाले. दिसेल का, ते सकाळी पट्टी काढल्यावर.

सकाळी माई खाटेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला जमिनीवर, कारण खुर्ची एकच होती. नाना अजून कलतेच, माझ्याकडे तोंड करून. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस काढला, पापणी पुसली. डोळा लालभडक, सुजलेला. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर हात धरला.

"नाना, बोटं किती?"

नाना गप्प. मला तिथं बसवेना. एवढा लांबचा रस्ता, पोशन्नांचा ट्रॅक्टर, त्या भल्या माणसाची बॅटरी, आणि इथं हे गप्प. मी आवाज न करता पदरानं डोळे टिपले.

"थांबा हो डॉक्टर," नाना म्हणाले, "बोटं राहू द्या. ही पोरगी डोळे काऊन पुसून राह्यली?"